जुन्या रायफलच्या नळीत घट्ट बसलेला कार्बन कसा काढावा?

आपल्याकडे वडिलोपार्जित बोल्ट-ॲक्शन रायफल आहे, तिच्या नळीतून कितीही वेळा तेल आणि ब्रश फिरवला तरी चिंधी काळीच निघते आणि आता ड्रिलला तारेचा ब्रश लावून नळी घासावी का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका. पोलादी तारेचा फिरता ब्रश रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या वळणदार खाचांच्या, वळणाप्रमाणे न जाता त्याला आडवा घासत जातो. त्यात रायफलिंगच्या ज्या कडा बोथट होतील, त्या पुन्हा धारदार करण्याचा कोणताही उपाय नाही. कार्बन मात्र उशिरा का होईना, निघतो.

कामाला लागण्यापूर्वी रायफल रिकामी करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) काडतूस नाही हे डोळ्यांनी व बोटानेही तपासा. खोली हवेशीर असावी आणि हातात मोजे असावेत, कारण नळीतल्या मळात शिशाचा अंश असतो आणि सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची) वाफही छातीत जाऊ देण्यासारखी नसते.

आता हा थर इतका चिवट का असतो ते पाहू. दारू जळाल्यावर उरणारी ताजी काजळी मऊ असते आणि ती साध्या तेलानेही पुसली जाते; परंतु ती न काढता पुढच्या गोळ्या झाडल्या, की उष्णता आणि दाब यांच्याखाली ती भाजून निघते आणि पोलादाला धरून बसते. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे रायफलिंग सुरू होते, तिथे उष्णता सर्वाधिक असल्याने सर्वांत कठीण थर तिथेच सापडतो. शिवाय गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा अंश त्यावर लागतो, त्यावर पुन्हा कार्बन बसतो, आणि असे थरावर थर चढत जातात. एकाच द्रावणाने नळी साफ होत नाही त्याचे कारण हेच आहे: कार्बनवरचे सॉल्व्हंट तांब्याच्या थरापाशी येऊन थांबते आणि तांब्यावरचे सॉल्व्हंट कार्बनपाशी.

म्हणून घासण्याआधी भिजवा. कार्बनसाठी बनवलेले सॉल्व्हंट किंवा चांगले झिरपणारे तेल चिंधीला भरपूर लावून नळीत पसरवा, मझल (नळीचे पुढचे तोंड) किंचित खाली राहील अशी रायफल आडवी ठेवा, म्हणजे ओघळ लाकडी दस्त्यात किंवा ट्रिगरच्या यंत्रणेत जाणार नाही, आणि बाटलीवरच्या सूचनेत बसत असेल तर रात्रभर तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी नळीच्या मापाचा काशाचा ब्रश चेंबरच्या बाजूने आत घालून मझलमधून पूर्ण बाहेर काढा आणि मगच मागे ओढा. मध्येच दिशा बदलली तर ब्रशचे केस वाकतात व तो अडकतो. रॉड अखंड असावा, आणि तो चेंबरवर घासू नये म्हणून मागून बोअर गाइड, म्हणजे रॉडला नळीच्या मध्यावर धरणारी नळकांडी, लावावा. मझलची कड ही नळीतली सर्वांत नाजूक जागा आहे. रॉड तिच्यावर घासत राहिला तर अचूकता जाते, म्हणून मझलकडूनच साफ कराव्या लागणाऱ्या रायफलींमध्ये तिथे संरक्षक टोपण वापरतात.

काळा रंग फिका पडू लागला, की तांब्याचे सॉल्व्हंट वापरा. चिंधी निळी किंवा हिरवट आली तर तांबे विरघळते आहे असे समजावे. मात्र या टप्प्यावर काशाचा ब्रश किंवा पितळी जॅग (रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) वापरला तर त्यातले तांबेही विरघळते आणि नळी स्वच्छ असूनही चिंधी निळीच येत राहते, म्हणून इथे नायलॉनचा ब्रश हवा. अमोनियायुक्त सॉल्व्हंट बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, ते कोरड्या चिंध्यांनी पूर्ण पुसून घ्या आणि मग पुन्हा कार्बनच्या सॉल्व्हंटकडे वळा. दोन-तीन वेळा असे आलटून पालटून केल्यावर बहुतेक नळ्या उघड्या पडतात.

एवढे करूनही चेंबरच्या पुढचा पट्टा खडबडीत लागत असेल, तरच नळीसाठी बनवलेली सौम्य घर्षक पेस्ट चिंधीला लावून तेवढ्याच भागात हलक्या, आखूड हातांनी फिरवा. पेस्टची चिंधी स्वच्छ पोलादावरही काळी येते, हे इथे लक्षात ठेवा. तिच्या रंगावरून काम मोजत बसलात तर आपण धातू झिजवत राहाल. रॉडला होणारा अडथळा सगळीकडे सारखा लागला, की थांबा. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण नळीत ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्याने पोलाद खाल्ले जाते आणि शिसे असेल तर विषारी क्षार तयार होतो.

रायफल जुनी असल्याने आणखी एक शक्यता तपासायला हवी. 20व्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या, काडतुसाच्या बुडातील टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. तो हवेतला ओलावा ओढतो आणि गंज चढवतो. तेलाने तो विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. अशी काडतुसे वापरली असतील तर झाडल्यानंतर लगेच गरम पाण्याने नळी धुवावी, ती पूर्ण कोरडी करावी आणि मग तेल लावावे. पूर्वी हे झाले नसेल तर आज आपल्याला दिसणारा काळेपणा कदाचित गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांचा असेल. नळीत प्रकाश टाकून किंवा बोअरस्कोपने (नळीत घालून आतला भाग पाहण्याच्या उपकरणाने) पाहिले तर फरक कळतो: कार्बन पृष्ठभागावर चढलेला दिसतो, खड्डा आत गेलेला. खड्डे कोणत्याही सॉल्व्हंटने भरून येत नाहीत, आणि ते खोल असतील तर पुढे गोळी झाडण्यापूर्वी रायफल जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या.

शेवटी कोरडी चिंधी फिरवून तेलाचा अगदी पातळ थर द्या. रायफल पुन्हा वापरताना मात्र तो थर आधी पुसून काढा, कारण नळीत तेल साचलेले असताना गोळी झाडल्यास दाब वाढू शकतो.