चाकणला ठेकेदाराकडे हेल्पर आहे, हातात 13 हजार पडतात. पगार वाढवायला काय करावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: बारावी आर्ट्स झालीय, घर परभणीकडे, चाकणच्या एका मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून दोन वर्षं झाली, हातात 13 हजार पडतात. इथे थांबून पगार वाढेल, की गावी परत जावं? आणि सीएनसीचा (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचा) क्लास लावावा का?

मी 2012 साली अशाच कामाला लागलो. तेव्हा हातात साडेसहा हजार पडायचे. आज भोसरीत व्हीएमसीवर (एका प्रकारच्या सीएनसी मशीनवर) सेटर-प्रोग्रामर आहे, म्हणजे प्रत्येक कामासाठी मशीन जुळवून देतो, आणि पगार 42 हजार आहे. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही, जे करून पाहिलं आणि बरोबरच्या पोरांनी केलेलं पाहिलं तेवढंच सांगतो.

माझं पहिलं सांगणं घरच्यांना पटणार नाही. मोठ्या कंपनीचं गेट सोडा आणि भोसरी, तळवडे भागातलं एखादं चांगलं जॉबवर्क करणारं (दुसऱ्यांच्या ऑर्डरचे भाग बनवून देणारं) लहान वर्कशॉप धरा. कंपनीची बस, कॅन्टीन, युनिफॉर्म हे सगळं सुटेल, गावाकडे सांगायला मोठं नाव राहणार नाही. पण तुम्ही आहात त्या जागेवर पगार वाढण्याची सोयच नाही, हे आधी समजून घ्या.

किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तुमच्या पगारात अधूनमधून जे दोन-तीनशे रुपये वाढलेले दिसतात ते त्याचे. तुमचं काम सुधारलं म्हणून ते वाढलेले नसतात आणि सुधारलं तरी ठेकेदार त्याहून जास्त देणार नाही, कारण कंपनीशी त्याचा करारच माणशी दरावर असतो. अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा तीन पायऱ्या असतात, पण त्यांच्यातला फरकही थोडकाच. (तरी पगारपत्रकावर तुमची पायरी कोणती लिहिलीय ते बघा. मशीन चालवत असाल आणि कागदावर अकुशल असाल, तर ते बदलून मागा.) त्यात मोठ्या कंपनीच्या लाइनवर हेल्परला एकच काम असतं: जॉब (घडवायचा भाग) उचल, फिक्स्चरमध्ये (तो पकडणाऱ्या साच्यात) बसव, बटण दाब, गेज (माप तपासायचं साधन) लाव, ट्रेमध्ये ठेव. दहा वर्षं केलं तरी हाताला दुसरं काही लागत नाही. मशीनला सेटरशिवाय कुणी हात लावायचा नाही हा तिथला नियम असतो, आणि त्यांच्या जागी तो योग्यही आहे.

लहान वर्कशॉपमध्ये माणसं कमी आणि रोज वेगळा जॉब. सेटर एक, मशीन तीन-चार. सकाळी तो सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे जबडे) बोअर करत असताना शेजारी पाना धरायला कुणीतरी लागतं, आणि तो कुणीतरी तुम्ही असायला हवं. इन्सर्टची (टूलला लावलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) कड गेली की बदलायची कशी, झीरो (मोजणीचा सुरुवातीचा बिंदू) कसा घ्यायचा, डायल मारून जॉब सरळ बसलाय का ते कसं बघायचं, हे हळूहळू हातात येतं, कारण मालकालाच ते हवं असतं.

पगारात खरा फरक पडतो तो ऑपरेटरचा सेटर झाल्यावर. हा फरक नेमका काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. ड्रॉइंगवर बोअरसमोर, म्हणजे भोकासमोर, 25 एच7 असं लिहिलेलं असतं. ऑपरेटरला त्याचा अर्थ माहीत नसला तरी चालतं. त्याच्याकडे प्लग गेज असतं, गो बाजू आत गेली आणि नो-गो अडली की जॉब पास. सेटरला माहीत असतं की बोअर 25.000 ते 25.021 मिलिमीटरमध्ये हवा, म्हणजे खेळायला जागा 21 मायक्रॉनची. हे नेहमीच्या व्हर्नियरवर दिसणारच नाही, कारण त्याचं लीस्ट काउंटच 0.02. त्याला डायल बोअर गेज लागतं आणि ते आधी सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) लावून घ्यावं लागतं. जॉब चालत राहतात तशी इन्सर्टचं टोक झिजतं आणि बोअर लहान लहान होत जातो. 25.018 वरून 25.010, मग 25.004. अजून सगळे पास आहेत, गेज काही बोलत नाही. पण सेटर इथेच एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलची झीज भरून काढायच्या आकड्यात, अधिक 0.010 टाकतो आणि रिजेक्शन होण्याआधीच थांबवतो. ऑपरेटरला कळतं तेव्हा गो बाजू अडलेली असते आणि ट्रेमधले मागचे जॉबही संशयात आलेले असतात. मालक पैसे मोजतो ते या आधी कळण्याचे.

हे शिकायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. आर्ट्सची बारावी आडवी येत नाही. लागतं ते इतकं: दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे न घाबरता बेरीज-वजाबाकी करता येणं, ड्रॉइंग वाचता येणं, मायक्रोमीटर धरता येणं, आणि प्रोग्राम ओळीने वाचून टूल आता कुठे जाईल ते सांगता येणं. जी00 म्हणजे रॅपिड (न कापता वेगाने सरकणं), जी01 म्हणजे कटिंग फीड (कापत सरकणं), जी54 म्हणजे जॉबचा झीरो, एम06 म्हणजे टूल बदल. रोज लागणारे कोड मोजकेच आहेत. मशीनवर जो प्रोग्राम चालू असेल तो वहीत उतरवून घ्या आणि रूमवर बसून प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिहा की इथे काय होतंय. मात्र गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगचा फोटो मोबाइलमध्ये काढू नका, बऱ्याच ठिकाणी त्यावर नोकरी जाते.

आता वर्कशॉप निवडताना फसवणूक कुठे होते ते. जाहिरातीत किंवा गेटवरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ऑपरेटर पाहिजे, पगार 18 हजार. विचारा: आठ तासांचा की बारा तासांचा? बहुतेक वेळा तो बारा तासांचा असतो. महिन्याचे 26 दिवस धरले तर बारा तासांनी 312 तास होतात, म्हणजे तासाला साधारण 58 रुपये. तुमचे हातात पडणारे 13 हजारच धरले तरी आठ तासांनी 208 तास, म्हणजे तासाला साडेबासष्ट. पगार वाढला असं वाटतं आणि तासाचा दर उतरलेला असतो. जास्तीच्या तासाला दुप्पट दर हा कायदा आहे. लहान ठिकाणी तो सगळीकडे मिळतो असं मी म्हणणार नाही. पण बोलणी आठ तासांच्या पगारावरच करा आणि ओटीचा दर वेगळा ठरवून घ्या.

दुसरं, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). पीएफला तुमचे 12 टक्के जातात, तेवढेच मालकाने भरायचे असतात. ईएसआयला तुमचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, पगार 21 हजारांपर्यंत असेल तर. ‘पीएफ नको, हातात जास्त देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथे जाऊ नका. मशीनवर बोट जातं, आणि अशा वेळी ईएसआयचं कार्ड असणं-नसणं यात घर उभं राहतं किंवा बसतं. पीएफचा आणखी एक उपयोग आहे. ठेकेदार अनुभवाचं पत्र देत नाही, पण यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) पासबुकात कुठे, किती महिने काम केलं ते दिसतं. नोकरी बदलली की यूएएन तोच द्या, जुनी रक्कम ट्रान्सफर करा, काढून खर्चू नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि पैसे काढले की ती मोडते. आत्ताच उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून ठेकेदाराने सगळे महिने भरलेत का ते बघा.

क्लासबद्दल विचारलंत. ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेल्या सीएनसी क्लासला पैसे देण्याआधी एकच बघा, तिथे चालू मशीन आहे का आणि त्यावर तुम्हाला स्वतः चिप काढायला, म्हणजे धातू कापायला, मिळणार का. नुसत्या संगणकावरच्या सिम्युलेटरला पैसे देऊ नका. सरकारी ठिकाणी शिकायचं तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम चांगलं आहे, तिथे थोड्या मुदतीचे कोर्सही असतात. वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर दोन वर्षांचा मशिनिस्ट किंवा टर्नर आयटीआय करणं सगळ्यात पक्कं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळतो. पण घरी पैसे पाठवणं थांबवता येत नसेल तर त्याचं दुःख करत बसू नका. मी आयटीआय केलेला नाही.

सेटिंग जमायला लागली की मालकाला सांगा, पगार मागा. मागताना ‘घर भागत नाही’ हे कारण देऊ नका, ते खरं असलं तरी. कोणता जॉब तुम्ही एकट्याने सेट करता, फर्स्ट पीस पहिल्याच वेळी पास होतो का, नाइटला सेटर नसताना मशीन चालू राहतं का, हे सांगा. दिला तर उत्तम. नाही दिला तर बाहेर ट्रायल द्या. आमच्याकडे मुलाखत म्हणजे ट्रायलच. हातात ड्रॉइंग देतात आणि विचारतात, बोअर लहान येतोय, ऑफसेट अधिक की उणे? ज्याने हाताने केलंय तो लगेच सांगतो. नवीन ठिकाणी तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात, म्हणून पगार रोख घेऊ नका. आणि नव्या जागेचा होकार लेखी आल्याशिवाय जुनी सोडू नका.

2019 मध्ये गाड्यांचा धंदा मंदावला तेव्हा आमच्या भागात सगळ्यात आधी कामावरून कमी केलं ते ठेकेदाराच्या हेल्परांना. 2020 च्या लॉकडाऊननंतर शटर उघडली तेव्हा पहिले फोन सेटरांना आले. मोठ्या कंपनीतलं तुमचं काम सुरक्षित आहे असं घरी वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

गावी परत जायचं का, याचं उत्तर आज ‘नाही’ असं देईन. आज गेलात तर परभणीतही हेल्पर म्हणूनच लागाल आणि पगार इथल्यापेक्षा कमी असेल. सेटर होऊन गेलात तर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला, चिकलठाण्याला याच मशीन आहेत, फॅनकचा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) तिथेही हाच आहे. तिथून रविवारी घरी जाऊन येता येतं. माझ्याबरोबरचा जिंतूरकडचा एक जण असाच वाळूजला गेला. पगार पुण्यापेक्षा थोडा कमी घेतला, पण खोलीचं भाडं निम्म्यावर आलं आणि आई-वडिलांना तिकडेच घेऊन आला.