आडनावातला ‘नीस’ आणि घराण्याचे मूळ

प्रश्न : आमच्या घराण्याच्या एका शाखेचे आडनाव पारसनीस, तर दुसऱ्या शाखेचे कुळकर्णी आहे. मूळ पुरुष एकच असेल, तर आडनावे दोन कशी झाली? पारसनीस, चिटणीस यांतील ‘नीस’चा अर्थ काय? आणि आमचे मूळ आडनाव शोधायचे असेल, तर ते कुठे शोधावे?

उत्तर : फारसीतील ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, त्याचेच मराठीत रुळलेले रूप ‘नीस’. सरकारी पत्रे लिहिणारा तो चिटणीस, हिशेब लिहिणारा तो हसबनीस, जमेची नोंद ठेवणारा तो जमेनीस आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. कुळकर्णी हेही लिहिणाऱ्याचेच पद आहे. मात्र त्याचे दप्तर गावापुरते, म्हणजे गावच्या जमिनी, त्यांचा सारा आणि येणेबाकी यांचे. त्यामुळे एक भाऊ गावी वतन सांभाळत राहिला आणि दुसरा दरबारी चाकरीत गेला, की दोघांचे वंशज दोन आडनावे लावू लागत. आपल्या घराण्यातही बहुधा असेच घडले असावे.

पदावरून आलेले आडनाव पूर्वजाचे काम सांगते, रक्ताचे नाते सांगत नाही, हे वंशावळ जुळवताना फार जपावे लागते. नाना फडणवीस यांचे घराणे मूळचे भानू. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे मूळ आडनाव शिधये. देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचेही आडनाव तेच, परंतु त्यांचे घराणेच नव्हे, तर जातही वेगळी. म्हणून आडनाव सारखे दिसले की लगेच भाऊबंदकी मानण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई राज्यात परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, तरी त्यांवरून आलेली आडनावे पुढच्या पिढ्यांनी कायम ठेवली.

आता शोधाविषयी. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात. यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे, त्यांचे गाव आणि भावांची-मुलांची नावे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरही उपयोगी पडेल, पण त्यासाठी मोडी वाचणारी व्यक्ती सोबत हवी. तेथे केवळ आडनावावर विसंबू नये. त्या काळच्या कागदांत माणूस बहुधा स्वतःच्या आणि वडिलांच्या नावानेच येतो. खुद्द नानांचा उल्लेखही ‘बाळाजी जनार्दन’ असा आढळतो. म्हणून घरातील जुन्या माणसांकडून बाप-लेकांच्या नावांच्या जोड्या आणि मूळ गावाचे नाव आधी लिहून घ्यावे आणि त्यांवरूनच कागद चाळावेत. अशा नावांपुढे ‘उपनाम’ (म्हणजे आडनाव) असा शब्द आढळला, तर त्याला जोडून आलेले नाव आवर्जून टिपून ठेवावे.