‘अकादमी दिली’ म्हणजे नक्की काय केलं?

एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती पाश्चात्त्य संगीतावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद तपासते आहे. त्यात एक वाक्य असं आहे : ‘बेथोव्हेनने २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात मोठी अकादमी दिली.’ ती विचारते, “अकादमी काढतात, चालवतात, बंद पाडतात, देतात कशी? पुढच्याच परिच्छेदात ‘त्या काळी किरकोळ मैफलींची पद्धत होती’ असंही लिहिलंय. दोन्हीकडे सरळ ‘मैफल’ करून टाकू का?”

करून टाकू नकोस. का ते सांगतो. जरा लांबण लागेल.

आधी अकादमी. अनुवादकानं तशी चूक केलेली नाही, मूळ शब्द सोललाही नाही एवढंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या दोन-तीन दशकांत व्हिएन्नात जाहीर, तिकीट लावलेल्या संगीताच्या कार्यक्रमाला ‘आकाडेमी’ म्हणत. ७ मे १८२४ला बेथोव्हेनची नववी सिंफनी (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) पहिल्यांदा वाजली, त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवरही ‘मोठी सांगीतिक अकादमी’ असंच छापलेलं आहे. शब्दाचा प्रवास मजेदार आहे. अथेन्सबाहेर अकादेमोस या वीरपुरुषाच्या नावाची राई होती, तिथे प्लेटो शिकवायचा. पुढे इटलीतल्या विद्याप्रेमी मंडळींनी ते नाव आपापल्या मंडळांना घेतलं. व्हेरोनात १५४३ साली निघालेल्या अशा एका संगीतमंडळाचं नाव ‘अकादेमिया फिलार्मोनिका’. मंडळाचं नाव हळूहळू मंडळाच्या बैठकीला लागलं, बैठकीचं नाव बैठकीतल्या गाण्याबजावण्याला, आणि तेच जर्मन भाषकांनी उचललं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. ‘बैठक’ म्हणजे बसण्याची जागा, बसण्याची क्रिया आणि गाण्याचा कार्यक्रमही. ‘जलसा’ अरबी, अर्थ पुन्हा बसणं. ‘मजलिस’ त्याच धातूतली. ‘मैफल’ म्हणजे मुळात लोक जमतात ते ठिकाण. सगळ्यांत गमतीची कचेरी. आपण कचेरी म्हटलं की मामलेदार, अर्ज आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ आठवतं. तमिळनाडूत तोच शब्द संगीताच्या कार्यक्रमाला लागतो आणि लोक तिथे नटूनथटून जातात. कचेरीतून गाणं निघू शकतं, तर अकादमीतून का नाही?

राहिलं ‘देणं’. जर्मनमध्ये अकादमी देतात, म्हणून अनुवादात ती दिली गेली. मराठीत मैफल होते, जमते, रंगते, कधी कधी पडते. गवई मैफल करतो. आता आपण ‘कार्यक्रम देतो’ आणि त्यावर कुणी भुवई उंचावत नाही, तेव्हा मी या क्रियापदावर फार अडून बसणार नाही. पण त्या काळात अकादमी देणारा माणूस काय काय करत होता हे पाहिलं, तर मला आपल्या नाटकवाल्यांचं ‘लावणं’ आठवतं. खेळ लावला, प्रयोग लावला. त्यात खर्च, धडपड आणि बुडण्याची भीती हे सगळं येतं. बेथोव्हेननं स्वतःच्या नावावर पहिली अकादमी २ एप्रिल १८०० रोजी लावली. तिच्या जाहिरातीत लिहिलं होतं की तिकिटं टीफर ग्राबेन, घर क्रमांक २४१, तिसरा मजला इथे, खुद्द बेथोव्हेनमहाशयांच्या बिऱ्हाडी मिळतील. पियानो वाजवणारा तोच, रचना बऱ्याचशा त्याच्याच आणि दारावर टकटक झाली की तिकीटही तिथूनच.

आता २२ डिसेंबर १८०८. ही संध्याकाळ तपशिलात पाहिल्याशिवाय ‘मैफल’ का नको ते कळणार नाही. जागा थिएटर अ‍ॅन डेर वीन, वेळ साडेसहा ते साडेदहा. कडाक्याची थंडी आणि थिएटरात ऊब जवळजवळ नाहीच. दोन भाग, प्रत्येकी चार बाबी. पहिल्या भागात गावाकडच्या आठवणींची ‘पास्टोरल’ सिंफनी, मग एका गायिकेची इटालियन आरिया, म्हणजे एकलगीत, मग समूहगानासह एक ‘हिम’ (बर्फ नव्हे, स्तोत्र), मग चौथा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना. मध्यंतरानंतर सी मायनर सिंफनी, म्हणजे ती प्रसिद्ध चार ठोक्यांची. पुन्हा एक ‘हिम’. मग बेथोव्हेननं एकट्यानं पियानोवर ऐन वेळी सुचेल ते वाजवलं. आणि शेवटी पियानो, वाद्यवृंद, गायक, समूह सगळे एकत्र आणणारी कोरल फँटसी. ही शेवटची रचना घाईत पुरी झाली होती, तालमी अपुऱ्या होत्या. मध्येच सगळे विस्कटले आणि भर कार्यक्रमात थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्याच संध्याकाळी शहरात संगीतकारांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठीच्या निधीचाही कार्यक्रम होता, त्यामुळे चांगले वादक विभागले गेले होते. राइखार्ट नावाचा संगीतकार राजपुत्र लोबकोविट्झच्या बॉक्समध्ये बसून शेवटपर्यंत कुडकुडत ऐकत होता. त्यानं नंतर लिहिलं त्याचा मथितार्थ असा की चांगल्या गोष्टीचाही अतिरेक होतो आणि जोरकस गोष्टीचा तर आणखीच.

वर दोनदा ‘हिम’ आलं, त्यातही एक शब्दाची गोम आहे. त्या खरं तर सी मेजर मासमधल्या ग्लोरिया आणि सांक्टुस, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या रचना. त्या नाटकगृहात, तिकीट लावून गाणं हे अधिकाऱ्यांना खपणारं नव्हतं. म्हणून जाहिरातीत ‘लॅटिन शब्दांचं, चर्चच्या शैलीतलं हिम’ असं लिहिलं गेलं. १८२४लाही ‘मिसा सोलेम्निस’ या त्याच्या दुसऱ्या मासचे तीन भाग ‘तीन भव्य हिम’ म्हणूनच सादर झाले. शब्द बदलला, सूर तेच राहिले. तुझ्या लेखात हिमला ‘स्तोत्र’ केलं असेल तर राहू दे, तिथे तेच शोभतं.

इतकी सरमिसळ का? पहिलं कारण जागेचं आणि तारखांचं. राजाश्रयाच्या नाटकगृहांत एरवी ऑपेरा आणि नाटकं चालत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळच्या तोंडावर खेळ बंद असत, तेव्हाच संगीतकाराला सभागृह मिळे. वर्षातून एखादी संधी, मग हातात असेल ते सगळं एकाच रात्री ओतायचं. दुसरं कारण गिऱ्हाइकाचं. कुणी गायिकेसाठी येई, कुणी पियानोवरच्या करामतीसाठी, कुणी सिंफनीसाठी. गळा आणि वाद्य आलटून पालटून हवं, हा जवळजवळ शिरस्ता होता. आणि तिसरं, मला सगळ्यांत आवडणारं, सावडीचं. आज माझ्या कार्यक्रमात तू गा, उद्या तुझ्या कार्यक्रमात मी वाजवतो. शेतात पेरणीला एकमेकांकडे सावडीनं जातात तसंच.

करामतीला तर मर्यादाच नव्हती. २३ डिसेंबर १८०६ला बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो फ्रान्झ क्लेमेंटनं पहिल्यांदा वाजवला, आणि त्याच कार्यक्रमात व्हायोलिन उलटं धरून एका तारेवर स्वतःची रचनाही वाजवली. ८ डिसेंबर १८१३ला सातव्या सिंफनीच्या पहिल्या कार्यक्रमात मेल्त्सेलनं बनवलेला यांत्रिक तुतारीवाला पलटणीचे मार्च वाजवून गेला. (हाच मेल्त्सेल पुढे मेट्रोनोमसाठी, म्हणजे टिकटिक करत लय दाखवणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला.) त्या दिवशी लोकांनी सिंफनीचा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. म्हणजे वन्स मोअर! जाता जाता सांगतो : इंग्रज माणूस यासाठी ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द ओरडतो, फ्रेंच माणूस ‘बिस’ हा लॅटिन, आणि मराठी नाट्यगृहात आपण इंग्रजी. आपल्या भाषेत पुन्हा मागितलं तर कलाकार ऐकणार नाही, अशी सगळ्यांचीच समजूत दिसते.

एक उदाहरण आजच्या श्रोत्याला धक्का देईल. १७ मार्च १८३० रोजी वॉर्साच्या नॅशनल थिएटरात शोपँ या पोलिश पियानोवादक-संगीतकारानं आपला एफ मायनर कॉन्चेर्टो वाजवला. पहिला भाग झाला आणि पियानो थांबला. मग दुसऱ्याच एका संगीतकाराची हॉर्नसाठीची रचना झाली, आणि त्यानंतर कॉन्चेर्टोचे उरलेले दोन भाग. विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिशीच्या मध्ये कुणी क्लॅरिनेटवर नाट्यगीत वाजवावं, तसं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ई मायनर कॉन्चेर्टोच्या मध्ये असंच गाणं झालं. शोपँला याचं वाईट वाटल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही. कॉन्चेर्टो ही अखंड, मोडू नये अशी वस्तू आहे, ही भावना नंतरची.

आता ‘किरकोळ’. इंग्रजीत या प्रकाराला ‘मिसलेनियस कॉन्सर्ट’ असं नाव होतं. कोशात मिसलेनियसपुढे किरकोळ, फुटकळ, संकीर्ण असे शब्द सापडतात आणि अनुवादकानं पहिला उचलला. पण किरकोळ म्हटलं की मराठी मनात घाऊकची जोडी उभी राहते, किंवा ‘किरकोळ दुखापत’. त्या काळच्या लोकांना हे कार्यक्रम किरकोळ अजिबात वाटत नव्हते. कार्यक्रम म्हणजे असाच असायचा. ‘संकीर्ण’ अर्थानं जवळ आहे, पण संगीताच्या लेखात तो शब्द आधीच अडकलेला आहे : संकीर्ण राग वेगळे, तालातली नऊ मात्रांची संकीर्ण जाती वेगळी. ‘मिश्र’ लिहिशील तर कुणाला मिश्र पिलू आठवेल, पण तो गोंधळ संदर्भानं सुटतो. शिवाय ‘मिश्र’च्या बाजूनं एक छान गोष्ट आहे. मिसलेनियसच्या पोटातलं लॅटिन ‘मिस्केरे’, म्हणजे मिसळणं, आणि आपलं संस्कृत ‘मिश्र’ हे एकाच प्राचीन मुळाचे आहेत. मराठी ‘मिसळ’ही त्याच घरातली. म्हणजे मिसलेनियस कॉन्सर्टला कुणी मिसळ म्हटलं तर व्युत्पत्तीच्या दृष्टीनं तो चुकणार नाही. लेखात मात्र लिहू नकोस, वाचकाला भूक लागेल.

आणि ‘मैफल’. हा शब्द मला इतका आवडतो की तो भलत्या जागी वापरला की दुखतं. मैफलीत समोरासमोरची जवळीक आहे, दाद आहे, बहुधा एकच मुख्य कलाकार आहे. पहिल्या रांगेतल्या जाणकाराची मान हलली की गवई ती जागा पुन्हा घेतो. थंडगार नाटकगृहात आठ बाबींचं वाद्यवृंदासकट चार तास चाललेलं प्रकरण त्यात बसत नाही. त्याच शहरात खऱ्या मैफली होत होत्या : शूबर्ट या संगीतकाराच्या मित्रांच्या घरी संध्याकाळी जमायचं, तो पियानोवर बसायचा, फोगल गायचा, मग खाणंपिणं आणि नाच. त्यांना ‘शूबर्टियाडे’ म्हणत. तिथे बेलाशक ‘मैफल’ लिही. पण त्याच शूबर्टनं २६ मार्च १८२८ रोजी, बेथोव्हेनच्या पहिल्या स्मृतिदिनी, आयुष्यातला आपला एकमेव जाहीर कार्यक्रम केला. त्यात चार तंतुवाद्यांच्या चौकडीचा एक भाग, गाणी, पियानो ट्रायो (पियानोसह तीन वाद्यांची रचना), समूहगान असं सगळं होतं. ती मैफल नव्हे. (तीनच दिवसांनी व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हिएन्नातलं पहिलं वादन झालं आणि शहराला दुसरं काही दिसेना.)

अशा जाहीर, अनेक बाबींच्या कार्यक्रमाला मी ‘जलसा’ सुचवतो. मराठीत जलसा आधीपासूनच चारचौघांतला आणि सरमिसळीचा आहे. गाणं, बतावणी, भाषण एकाच मांडवात घेणारे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे ही त्याची सगळ्यांत जिवंत रूपं. तोच धागा काही वाचकांना अडवेल, त्यांना जलसा म्हटलं की डफ आणि प्रबोधन आठवेल. म्हणून ‘संगीत जलसा’ असं जोडून लिही. आजचा वाचक डोळ्यांपुढे आणायचा असेल तर दिवाळी पहाट आठव : भूपाळी, नाट्यगीत, बासरी, भावगीत, मध्ये कुणाचा सत्कार. १८०८च्या त्या रात्रीला निवेदक तेवढा नव्हता, आणि हे मी त्या रात्रीच्या बाजूनं मोजतो.

पुढे लेखात लिस्ट हा पियानोवादक येत असेल तर शब्द पुन्हा बदल. १८३९ साली इटलीतून लिहिलेल्या पत्रात त्यानं आपल्या एकट्याच्या वादनांना ‘सांगीतिक स्वगतं’ म्हटलं आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाची ऐट आणत ‘कॉन्सर्ट म्हणजे मीच’ असंही जोडलं. ९ जून १८४०ला लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये त्यानं वादन केलं, त्याच्या जाहिरातीत ‘रिसायटल्स’ असा शब्द आला, तोही अनेकवचनात, कारण प्रत्येक रचना हे एक रिसायटल. लोकांना कोडं पडलं की पियानोवर पठण कसं करतात? तुझ्या ‘अकादमी कशी देतात’च्याच जातीचं. तिथे ‘एकल वादन’ लिही. दिवाणखान्यातलं असेल तर मैफल.

तर तुझी दोन वाक्यं मी अशी करीन. पहिलं : ‘बेथोव्हेनने २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात स्वतःच्या रचनांचा मोठा संगीत जलसा केला, तिथे अशा जलशाला “अकादमी” म्हणत.’ दुसरं : ‘त्या काळी मिश्र जलशांची पद्धत होती.’ अकादमी हा शब्द तेवढ्या एका ठिकाणी अवतरणात राहू दे. पुढे कुणी मूळ जाहिरात पाहिली, तर बेथोव्हेननं संगीताचे क्लास काढले होते असं तरी वाटणार नाही.