बाटलीचा भाव भांडी बाजारात

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. लेक चौदा वर्षांची आहे. वर्षभरात तिनं तिसरी स्टीलची बाटली मागितली, नवा रंग आला म्हणून. नाही म्हटलं की ताटावरून उठते. ऑगस्टमध्ये नाशिकला जातोय. तिथे तरी हे थांबेल का?

उत्तर : ताई, नाही थांबणार. कॉलेज रोडवरच्या मुलींच्या हातातही तोच रंग दिसेल. रील दोन्हीकडे एकाच दिवशी पोहोचतं.

तिच्या हट्टामागे मैत्रिणींच्या घोळक्यात सामावण्याची ओढ आहे. ती खरी आहे, तिला हसू नका.

युरोपियन युनियनच्या डिजिटल सेवा कायद्यानं १७ फेब्रुवारी २०२४ पासून ऑनलाइन मंचांना अल्पवयीन मुलांची माहिती वापरून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली. पण लाडकी इन्फ्लुएन्सर बाटली हातात धरून ‘माझी एकदम आवडती’ म्हणते, ते त्या मनाईत सापडत नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये सांगितलं, की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लेबल हवं. लेकीशेजारी बसून दहा रील बघा, लेबल तिला शोधू द्या. तुम्ही गप्प राहा. फसवलं गेल्याचा राग तिचा तिला आला पाहिजे.

नाशिकला गेल्यावर तिला आजीबरोबर भांडी बाजारात पाठवा, आईबाबांशिवाय. तांब्या-पितळेचं भांडं काट्यावर चढतं, भाव किलोवर ठरतो. आजी धातूचा दर विचारेल, मजुरी वेगळी विचारेल, बुडावर टिचकी मारून बघेल, उद्या मोडीत घातलं तर किती येतील तेही विचारेल. एवढी कसून चौकशी आपण शंभर युरोच्या वस्तूचीही करत नाही! परतल्यावर लेकीला एवढंच विचारा, की तुझ्या बाटलीत स्टीलचे किती, रंगाचे किती आणि नावाचे किती? उत्तर चुकलं तरी चालेल. मग तीन महिन्यांचा खाऊचा पैसा एकदम हातात द्या. तिनं बाटलीच घेतली, तर घेऊ द्या, मात्र मध्ये भर घालू नका.

आता एक कडू गोष्ट. दरवेळी भाचरांसाठी आपण बॅगा भरून बूट, परफ्यूम, चॉकलेटं नेतो आणि ‘तिकडचं आहे’ म्हणून हातात ठेवतो. लेक हे लहानपणापासून बघतेय. या खेपेला रक्कम ठरवा आणि ती बॅग तिलाच भरू द्या, भाचरांना फोन करून, काय लागतंय ते विचारून.