आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी बोट धुवा

आपण लिहिले आहे की, साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला पोहोचल्यावर ग्लुकोमीटर २७० च्या आसपास साखर दाखवतो, ती उतरवण्यासाठी इन्सुलिन घेतले की परतीच्या वाटेवर हातपाय गळतात, आणि त्यामुळे सायकलच्या दिवशी इन्सुलिन बंदच ठेवावे का, असा प्रश्न पडतो. हे वाचताना माझीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले. मी डॉक्टर नाही. टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो, घेऊन बारा वर्षे सायकल चालवणारा सातारकर आहे, तेव्हा पुढचे आकडे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आजमावू नयेत. निघण्यापूर्वी तपासणी, खिशात गोड पदार्थ, सोबतीला कोणीतरी, हे आपण पाळतच असाल असे धरून चालतो.

फेब्रुवारीचे दिवस होते. वाईहून पसरणीचा घाट चढून मी पाचगणीला आणि तेथून भिलारला गेलो. शेताच्या बांधावर बसून मूठभर स्ट्रॉबेऱ्या देठ खुडून खाल्ल्या, बोटे चड्डीला पुसली आणि साखर तपासली. यंत्राने २८७ दाखवले. दोन्ही बाटल्यांत ग्लुकोजची पावडर कालवलेली असल्यामुळे हात धुवायला साधे पाणी नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते धुवायला हवेत हे माझ्या मनातही आले नव्हते. बोटाला लागलेला फळाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला, तर यंत्र ती साखरही मोजते. मी मात्र आकडा खरा मानून चार युनिट इन्सुलिन घेतले, तेही मांडीत, कारण घामाने चिकटलेली जर्सी वर करण्याचा कंटाळा आला होता. ज्या पायांनी पुढे पॅडल मारायचे त्यांत टोचलेले इन्सुलिन एरवीपेक्षा लवकर रक्तात उतरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दांडेघर मागे पडले आणि घाटाच्या उतारावर ब्रेक दाबणारी बोटे आपली नाहीत असे वाटू लागले. गार वाऱ्यातही पाठ भिजली होती. तो घाम चढणीचाच, अशी मी समजूत करून घेतली. पुढच्या वळणावर समोरून आलेला ट्रक मला दिसला, पण त्याचे काय करायचे हे सुचेना. नशिबाने सायकल डोंगराच्या बाजूला गेली आणि मी कठड्यापाशी बसलो. यंत्रावर ४८ आले. खिशात कंदी पेढे होते, ते दोन खाल्ले. पंधरा मिनिटांनी ५१. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो, म्हणून अशा वेळी आपल्या गावाचा अभिमान बाजूला ठेवावा आणि साधी साखर किंवा ग्लुकोज खावे. बोट तेव्हाही धुतले नव्हते, म्हणजे खरी साखर या दोन्ही आकड्यांहून खालीच असावी. अखेर एका टपरीवाल्याने पाण्यात चार चमचे साखर ढवळून दिली, तेव्हा डोके ठिकाणावर आले.

यानंतरचा भाग लिहिताना अजूनही चीड येते. मी वही घेऊन एका दवाखान्यात गेलो. २८७ आणि ४८ या दोन नोंदींमध्ये जेमतेम तासाभराचे अंतर होते, पण एवढी साखर का चढली, तपासण्याआधी काय खाल्ले, इन्सुलिन कोठे टोचले, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. 'सायकल बंद करा' एवढे लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारण्यात आली. मी आठ महिने सायकलला हात लावला नाही. कारण सापडले ते घरी, गुळाची ढेप फोडून झाल्यावर सहज तपासणी केली तेव्हा: २४०, आणि साबणाने हात धुतल्यावर ११८.

आता आपल्याविषयी. कासला पोहोचल्यावर साध्या पाण्याने बोट धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही. तरीही साखर चढलेली दिसली, तर यवतेश्वरच्या खड्या चढणीत शरीराने सोडलेल्या अ‍ॅड्रेनलिनने ती चढली असण्याची शक्यता आहे, आणि अशी चढलेली साखर बहुधा थोड्या वेळाने आपोआप उतरते. त्यामुळे परतीचा प्रवास शिल्लक असताना पूर्ण डोस घेऊ नये. घ्यायचाच तर निम्म्याहून कमी आणि पोटावर, असे माझे मत आहे. साखर २५० च्या वर असून कीटोनही (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात व लघवीत येणारे पदार्थ) आढळले, तर मात्र सायकल तेथेच थांबवावी, यात मत वगैरे काही नाही.

इन्सुलिन पूर्ण बंद करण्याचा विचार टाइप १ असलेल्याने मनातून काढून टाकावा. कमी करायचा तो निघण्यापूर्वीच्या जेवणाचा डोस. किती लांब आणि किती जोराने जाणार यावर तो २५ ते ७५ टक्क्यांपर्यंत कमी करतात. मी स्वतः १२६ ते १८० च्या दरम्यान असताना निघतो आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहतो. मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर घ्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे. त्वचेवर चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर लावत असाल तर बोटाचा घोळ टळतो, पण साखर भराभर उतरत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागचा असतो.

रात्रीचे आपण काहीच लिहिलेले नाही. लांबच्या राइडनंतर स्नायू पुढचे चोवीस तासही साखर ओढत राहतात आणि पहाटे झोपेत ती उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वीचा आकडा आणि रात्रीच्या इन्सुलिनचा डोस, दोन्ही कळवावेत. आणि पुढच्या वेळी एका बाटलीत नुसते पाणी भरून तिला रबर बँड लावून ठेवा, म्हणजे घाईत दुसरीतले गोड पाणी बोटांवर ओतले जाणार नाही.