ऑक्सफर्डच्या पबमधला ‘आंट सॅली’ हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे ना? मग लोक तो अजून का खेळतात?

नशिबाचा? हे वाक्य मी डार्ट्सवाल्यांकडून फार ऐकलंय. लगोरीत चेंडू कुठेही बसला तरी रास कोसळते, इथे तसलं काही चालत नाही.

लोखंडी दांड्यावर, जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, पांढरी लाकडी बाहुली ठेवलेली असते. उंची ६ इंच, जाडी पावणेतीन. १० यार्डांवरून १८ इंच लांब, २ इंच जाड दांडकं हात खालून आणत फेकायचं. बाहुली पडली, पण दांडकं आधी लोखंडाला लागलं, तर गुण नाही. सगळी गोम इथे आहे.

हिशोब करून बघा. दांडकं आडवं पोचलं तर डावी-उजवीकडे वीसेक इंच मुभा मिळते. उभं पोचलं तर जेमतेम पावणेपाच. शिवाय उभ्याचं खालचं टोक लोंबतं, म्हणजे बाहुलीच्या मध्यावर नेम धरला की लोखंड लागलंच. मनगट वळलं की दांडकं कलतं, सोडायला उशीर झाला की डोक्यावरून जातं. नवखे जोर लावतात, आणि जोरात हात फिरला की सुटण्याची वेळ दरवेळी बदलते. बाहुली नुसती टेकवलेली असते हो, हलका धक्का पुरतो! नेम तिच्या डोक्यावर धरा, कारण शेवटी दांडकं खाली उतरतंच.

लोक का खेळतात? संघात ८ जण, प्रत्येकाची ६ दांडकी, म्हणजे एका डावात ४८. डावाला तिकडे ‘हॉर्स’ म्हणतात, सामना तीन हॉर्सचा. सगळ्यांचे गुण एकत्र होतात, त्यामुळे एकट्या पट्टीच्या खेळाडूने सामना निघत नाही आणि भोपळा काढणाऱ्याला कुठे लपताही येत नाही. डार्ट्सच्या फळीसमोर एका वेळी दोघं, बाकीचे ग्लास धरून उभे. मला तरी त्यात राम वाटत नाही.

अर्थात हे सगळं मुख्यतः ऑक्सफर्डशायर आणि आसपासचं. तिथल्या चार्लबरी गावात २०११ पासून एकेरीची जागतिक स्पर्धा होते, पण ‘जागतिक’वर फार जाऊ नका. पबला मागे मोकळी जागा नसेल तर खेळच नाही. वरचा इंचांचा हिशोबही दांडकं अगदी सरळ आडवं किंवा उभं आलं तरचा. हवेत ते गरगरत येतं. आणि बाहुली उभी करणारा बाजूला झाल्याशिवाय हात उचलू नका.