दात काढल्यावर खड्डा कसा जपावा
पहिले 24 तास चूळ भरूच नका, जोरात थुंकूही नका. स्ट्रॉ, बिडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. खड्ड्यातली रक्ताची गुठळी हेच तिथलं झाकण. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो, तोंडाला घाण वास येतो. असं झालं तर थेट डेंटिस्ट गाठा. लवंगेचा बोळा कोंबत बसू नका.

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जेवणानंतर घोट तोंडात धरून मान हळू कलती करायची, खळखळवायचं नाही. पाणी बेसिनमध्ये आपोआप सांडू द्यायचं.

पांढुरकी साय दिसेल. तो बहुतेकदा पू नसतो, खरवडू नका. खालच्या अक्कलदाढेत शितं अडकतातच, पण टूथपिक नको! पाण्याने शितं धुवून काढायला वाकड्या टोकाची सिरिंज वापरायची ती साधारण आठवड्याने, तीही डॉक्टरांना विचारून.